'मचं' म्हणजे आपलं 'भावा' नव्हे

तुम्ही विचारलंय की कोलंबोच्या ऑफिसातली पोरं एकमेकांना सारखं 'मचान मचान' करतात, आता तुम्हालाही करायला लागलीत, तर याचा अर्थ काय आणि उलट आपण म्हटलं तर चालतं का. तिकडे साडेतीन वर्षं काढली आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी उच्चार. सिंहलीत तो शब्द 'मचं' आहे. शेवटचा अनुस्वार 'रंग'मधला, पण ग गिळून टाकलेला. शिकारीच्या मचाणाशी संबंध नाही. मूळ तमिळ 'मच्चान': मेव्हणा, किंवा मामाचा-आत्याचा मुलगा. सिंहलीत या नात्याला 'मस्सिना' असा रीतसर शब्द आहे, पण मित्राला कोणी मस्सिना म्हणत नाही. ज्या देशाने 1956 साली सिंहलीला एकमेव राजभाषा करणारा कायदा केला, तिथल्या सिंहली पोरांची सगळ्यात जवळची हाक तमिळमधून आलेली आहे. असो.

पहिले सहा महिने मी मचं म्हणजे 'भावा' असंच धरून चाललो होतो. एका रात्री कोत्तूच्या टपरीवर बसलो होतो. तव्यावर दोन पात्यांनी रोटी तोडण्याचा तो ठकठकाट, त्यात ओरडून बोलावं लागतं. आमच्यातला एकजण समोरच्याला 'मचं' म्हणत होता आणि शेजारी बसलेल्याला 'अय्या', म्हणजे दादा. मी विचारलं, यांच्यात जवळचा कोण? तो म्हणाला, "अय्यासमोर मी सिगारेट पेटवत नाही. मचंकडे मागून ओढतो."

गोम इथेच आहे. बोलीतल्या सिंहलीत नुसता 'भाऊ' नसतोच. थोरला असेल तर अय्या, धाकटा असेल तर मल्ली. (बहिणींचंही तेच: थोरली अक्का, धाकटी नंगी. हो, नंगी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहा सांडला होता.) म्हणजे कुणाला भाऊ म्हटलं रे म्हटलं की कोण वर, कोण खाली हे ठरून गेलं. मेव्हण्याच्या नात्यात ती उतरंड नाही. तिथे थट्टा चालते, उसनं मागणं चालतं. शिवाय बापाच्या शेतीत भाऊ वाटेकरी असतो, मेव्हणा नसतो. एडमंड लीच या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 मध्ये अनुराधपुराकडच्या पुल एलिया गावात राहून अभ्यास केला. शेतीच्या कामात सख्ख्या भावांपेक्षा मेव्हण्या-मेव्हण्यांचं जास्त जमतं, हे त्यालाही दिसलं होतं.

आपल्याकडे हे पटकन उमगत नाही, कारण आपल्या कानात 'साला' बसलाय. उत्तरेकडच्या रीतीत मुलगी देणारे खालच्या पायरीवर, म्हणून बायकोचा भाऊ म्हणजे शिवी. सिंहली आणि तमिळ पद्धतीत आते-मामे भावंडांचं लग्न ही जुनी, मान्य रीत. मामाची किंवा आत्याची मुलगी ती 'नॅना', आणि तिच्यावर हक्क सांगायची पद्धत होती. माझी बहीण तुझ्या घरात, तुझी माझ्या घरात, मग वरचढ कोण? कोणीच नाही. मामा म्हणजे सासराही, आणि 'नॅन्दा' म्हणजे आत्याही, सासूही.

हे ऐकून काही आठवलं का? आपल्या जुन्या घरांतल्या सुना सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणायच्या, ते उगाच नाही. मामाची मुलगी करायची चाल आपल्याकडेही कितीतरी जातींत आहे. इरावती कर्व्यांनी 1953 च्या नातेसंबंधांवरच्या पुस्तकात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हटलंय. सातारा-कोल्हापूरकडे अनोळखी माणसाला "काय पाव्हणं, कुणीकडं?" म्हणतात, तेही सोयरिकीतलंच. माझ्या मते मचंच्या सगळ्यात जवळ 'पाव्हणं' जातं, फक्त त्यात पंचवीस वर्षांच्या पोराचा आगाऊपणा मिसळायचा.

आता तुमचा खरा प्रश्न. बरोबरीच्यांना बिनधास्त म्हणा. मचंबरोबर 'उंब' येतो, म्हणजे अगदी अरे-तुरेतला तू. तो तुम्ही आधी काढू नका, त्यांच्याकडून येऊ द्या. वाक्याच्या शेवटी लागणारा 'बं' हा आपला 'रे' समजा. "मोकद बं" म्हणजे "काय रे". बॉसला, वॉचमनला, पोटच्या पोराएवढ्या इंटर्नला मचं नको. रिक्षावाला मोठा दिसला तर अय्या, पोरसवदा असेल तर मल्ली. हल्ली कोलंबोत मुलीही आपापसात मचं म्हणतात, पण परक्या पुरुषाने मुलीला म्हणण्याआधी तिची तुमची तेवढी ओळख हवी.

मी एकदा पन्नाशीच्या वॉचमनला लाडात येऊन "मोकद मचं" म्हटलं होतं. तो काही बोलला नाही. गेट उघडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मला दुप्पट अदबीने 'सर' म्हणायला लागला. पुढे मी 'अय्या' म्हणू लागलो तेव्हा कुठे तीन आठवड्यांनी त्याने त्याच्या डब्यातला किरीबात, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, पुढे केला.