कातकरी वाडीचे वर्ष आणि मार्चअखेर

प्रश्न : माणगाव तालुक्यातील चार कातकरी वाड्यांवर आमची लहानशी संस्था मुलांच्या शिक्षणाचे काम करते. मुंबईतील प्रतिष्ठानांकडे अर्ज केला की संगणक, बाके, दप्तरे मिळतात. परंतु वाडीवर रोज जाणाऱ्या कार्यकर्त्याचे मानधन मागितले की ‘प्रशासकीय खर्चाला पैसे देता येत नाहीत’ असे कळवले जाते. एक प्रतिष्ठान शाळेची खोली बांधून देण्यास तयार होते, तेही जागेच्या कागदपत्रांवर अडले. या मंडळींचा हात सैल कसा करावा?
— एक कार्यकर्ती, रायगड जिल्हा

उत्तर : प्रतिष्ठान एखाद्या कंपनीचे असेल, तर तुम्हाला मिळालेले उत्तर नियमाला धरून नाही. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यातील प्रशासकीय खर्चावर 5 टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीने या निधीच्या स्वतःच्या व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला लागू होते. प्रत्यक्ष प्रकल्प राबवण्याचा खर्च तिच्यात येत नाही. म्हणून अर्जात ‘मानधन’ हा शब्द कार्यालयीन खर्चाखाली न टाकता कोणती वाडी, किती मुले, आठवड्यातून किती दिवस, अशा तपशिलासह तो प्रकल्पाचाच खर्च म्हणून मांडावा. खासगी न्यासांची गोष्ट वेगळी. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी त्यांना उत्पन्नाचा किमान 85 टक्के भाग धर्मादाय कामावर लावावा लागतो. ही खालची मर्यादा आहे, तिच्यापलीकडे जाण्यास कोणी मनाई केलेली नाही.

खरी अडचण मात्र वेळापत्रकाची आहे. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात. मुकादमाकडून उचल घेऊन अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, मुलेही सोबत जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. निधी मात्र पुष्कळदा हिवाळ्यात मंजूर होतो आणि मार्चअखेर संपवावा लागतो, म्हणजे नेमका वाडी ओस पडलेली असताना. मग संगणक घेण्यावाचून दुसरे करणार तरी काय? यावरही कंपनी कायद्यात वाट आहे. प्रकल्प ‘चालू’ म्हणून घोषित केला, तर तो सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत चालवता येतो, आणि उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत स्वतंत्र खात्यात ठेवता येते. अर्जाला वाडीचे बारा महिन्यांचे वेळापत्रक जोडून बहुवर्षीय प्रकल्पच मागावा. त्यात भट्टीवर जाऊन शिकवणाऱ्या कार्यकर्त्याचा प्रवासखर्चही धरावा.

खोलीबद्दल स्पष्टच लिहितो. अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर वसलेल्या आहेत. केवळ बांधकामाला पैसे देणारे प्रतिष्ठान त्यामुळे नकळत भूमिहीनांनाच यादीतून वगळते, आणि ज्या वाडीला जागा आहे तिलाच खोली मिळते. हे त्यांच्यासमोर अवश्य मांडावे, कारण माझ्या मते औदार्याची कसोटी रकमेपेक्षा येथे अधिक लागते. जागेचा प्रश्न सोडवण्यासाठी मोजणी, जातीचे दाखले आणि तहसील कार्यालयातील खेपा यांचाच खर्च मागता येईल. तो एका खोलीच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असतो.

काही कंपन्या कारखान्याच्या परिसरापलीकडे पाहतच नाहीत, आणि रोहा, महाडसारख्या औद्योगिक पट्ट्यांपासून दूरच्या वाड्या तशाच राहतात. स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्याची तरतूद मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असे केंद्र सरकारने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. ‘कोकणात चाकरमान्यांचा पैसा येतो’ हा युक्तिवादही तुम्हाला ऐकावा लागेल. तो पैसा गावात येतो, कातकरी वाडीवर नाही.

विश्वस्तांना दोनदा बोलवा : एकदा ऑगस्टमध्ये, वाडी भरलेली असताना, आणि एकदा जानेवारीत, ती रिकामी असताना. दुसऱ्या भेटीत छायाचित्र काढण्याजोगे फारसे काही नसेल, एवढे त्यांना आधीच सांगून ठेवा.