कोकणात राहून चौघांच्या घराचा आठवड्याचा बाजारखर्च कसा कमी करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : बदलीमुळे नाशिकहून रत्नागिरीला आल्यापासून किराणा, भाजी आणि मासे मिळून आठवड्याचा खर्च साडेतीन हजारांच्या खाली येत नाही, तुम्ही दोघेही नोकरी करता, मुले शाळकरी आहेत आणि त्यांच्या पोषणाला हात न लावता खर्च कमी करायचा आहे. सोबत दिलेली एका आठवड्याची यादी मी नीट वाचली. मी मालवण तालुक्यात राहते, पाच माणसांचे घर चालवते, आणि माझे मत स्पष्ट आहे : तुम्ही कोकणात राहायला आलात, पण तुमचा बाजार अजून घाटावरचाच राहिला आहे.

फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची, गाजर, दोन किलो टोमॅटो, तूरडाळ, गव्हाचे पीठ, पनीर, आणि रविवारी सुरमई. यातला भाजीपाला बहुतेक कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येतो. गाडीभाडे, मधल्या व्यापाऱ्यांचा नफा आणि आपल्या दमट हवेत नासणाऱ्या मालाची भरपाई हे सारे तुमच्या पिशवीतल्या भावात धरलेले असते. पावसाळ्यात एखादा घाट दरडीने बंद पडला, की हाच भाव आणखी चढतो. म्हणून आठवड्याचे जेवण घाटाखाली जे पिकते आणि समुद्रातून जे येते त्याभोवती बांधावे, आणि वरून येणाऱ्या वस्तू चवीपुरत्या ठेवाव्यात, असे मी सुचवेन. पदार्थ न बदलता फक्त स्वस्त दुकान शोधत फिरण्याने फारसा फरक पडत नाही.

सुरुवात कुळथापासून, म्हणजे घाटावरच्या हुलग्यांपासून, करा. भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर, वेगळे पाणी न देता, हे पीक आमच्याकडे घेतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘दापोली कुळीथ-१’ नावाचे वाणही काढले आहे. कुळथात १०० ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे या बाबतीत ते तूरडाळीच्या तोडीचे आहे. चौघांच्या आमटीला दीडशे ग्रॅमच्या आसपास तूरडाळ लागते. कुळथाची पिठी मात्र साठ-सत्तर ग्रॅम पिठात चौघांना भातावर पोटभर पुरते. पैशांची खरी बचत इथे आहे, पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी : पीठ निम्मे म्हणजे प्रथिनेही निम्मी. त्यामुळे ज्या दिवशी पिठी असेल त्या दिवशी सोबत सुके मासे, अंडे किंवा दही असलेच पाहिजे, विशेषतः वाढत्या मुलांच्या ताटात.

पिठी करायला दहा-बारा मिनिटे लागतात आणि दिवसभर नोकरी करणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचा पदार्थ नाही. तेलात ठेचलेला लसूण चांगला लाल होऊ द्यावा, मग चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची परतावी, हळद आणि थोडा मालवणी मसाला घालून चार वाट्या पाणी ओतावे. पीठ वेगळ्या वाडग्यात गार पाण्यात कालवून घ्यावे, कारण उकळत्या पाण्यात कोरडे पीठ टाकले की गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे, मीठ घालावे, आणि पिठी रटरटू लागली की तीन-चार आमसुले टाकून आच मंद करावी. कच्चेपणाचा वास जाऊन खमंग वास आला की पिठी झाली. ती ताटात भाताबरोबर वाहील इतपत पातळ ठेवावी, कारण निवताना ती घट्ट होते. कुळीथ भाजून, भरडून, टरफले पाखडून दळलेले पीठ बचत गटांच्या बायका बाजारात विकतात. पाकीटबंद नामांकित पिठापेक्षा ते ताजे असते.

अख्खे कुळीथही घरात असू द्या. मोड आणून उकडले की दाण्यांची उसळ होते आणि उकडलेल्या पाण्याचे, ताक व फोडणी घालून, कळण होते. एकाच गॅसवर, एकाच शिजवण्यात दोन पदार्थ मिळतात. काळ्या वाटाण्याचे सांबारही असेच आठवड्यातून एकदा करावे. रात्री भिजत घालण्याची आठवण तेवढी ठेवावी लागते.

आता मासे. तुमच्या यादीत सर्वांत मोठी रक्कम सुरमईची आहे. रत्नागिरीत राहून सुरमई आणि पापलेट या दोनच माशांना मासे समजणे महागात पडते. मिरकरवाडा बंदर तुमच्यापासून जवळ आहे. तिथे घरून काही न ठरवता जावे आणि त्या दिवशी जे जास्त आले असेल ते घ्यावे. बांगडा, तारली, पेडवे, मांदेली हे मासे थव्याने सापडतात, म्हणून हंगामात त्यांचे वाटे, म्हणजे विकायला मांडलेले ढीग, एवढे मोठे असतात की एका सुरमईच्या पैशांत दोन-तीन वेळचे कालवण आणि तळण निघते. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे आहेत आणि हृदयाला हितकारक मानले जाणारे ओमेगा-३ त्यांच्यात भरपूर असते, तेव्हा स्वस्त मासा घेतला म्हणून पोषणात उणे पडले असे अजिबात नाही. कल्ला उचलून पाहावा, तो लाल असावा. डोळा पारदर्शक असावा आणि पोट बोटाने दाबले तर खळगा राहू नये. दोन वाटे घेतले तर एक त्याच दिवशी साफ करून, मीठ-हळद लावून फ्रीजरमध्ये ठेवावा. मोठ्या माशाचे डोके मासेवालीकडे सोडून येऊ नये. आमच्याकडे कालवणाला खरी चव त्यानेच येते.

मुलांना काटे नको असतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी बांगडा हळद-मीठ आणि आमसूल घालून वाफवावा, गार झाल्यावर मधला काटा अख्खा उचलून काढावा, आणि मांस हाताने मोकळे करून कांदा-खोबऱ्यावर परतावे. बारीक काटे बोटांना लागतात, ते त्याच वेळी वेचता येतात. हे भातात कालवून आमच्या घरातली लहान मुलेही खातात.

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीबंदी असते, आणि या दिवसांत ताजा मासा मिळालाच तर तो परवडत नाही. त्या महिन्यांसाठी सुके मासे हवेत. जवळा, सुकट, सुके बोंबील आणि जमले तर थोडे सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी). पाणी उडून गेल्यामुळे सुक्या माशात प्रथिने एकवटलेली असतात. चौघांच्या कांदा-जवळ्याला पन्नास ग्रॅम जवळा पुरतो. तो आधी कोरडा भाजावा, चाळणीत झटकावा, मग पाण्यात टाकून वरच्यावर हाताने उचलून घ्यावा, म्हणजे वाळू तळाशी राहते. हे दोन-तीनदा करावे. घाई केली तर पहिल्याच घासाला दातांखाली कचकच येते. खारवलेला बांगडा मात्र बेताने वापरावा, आणि घरात कोणाला रक्तदाब असेल तर टाळलेलाच बरा.

नारळाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण अलीकडे त्याचा भाव फार वाढला आहे आणि कोकणी स्वयंपाक म्हणजे नारळच नारळ असा बाहेरून आलेल्यांचा समज असतो. एक नारळ आमच्याकडे दोन दिवस चालतो. खवून, वाटून पहिला घट्ट रस काढला की तो सोलकढीला. दुसरे पातळ पाणी आमटीत किंवा भाजीच्या रश्शात. आणि उरलेला चोथा तव्यावर कोरडा होईपर्यंत भाजून लसूण-मिरचीबरोबर चटणीत. माशाच्या वाटणात चमचाभर भिजवलेले तांदूळ आणि धने वाटून घातले की रस्सा दाट होतो आणि खोबरे जवळजवळ निम्मे लागते. पिठीला, कळणाला, सुक्या जवळ्याला नारळ लागतच नाही.

दोन किलो टोमॅटो दर आठवड्याला कशाला लागतात, हे एकदा तपासून पाहा. बहुतेक ठिकाणी त्यांचे काम आंबटपणा देण्याचे असते आणि ते काम चार आमसुले करतात. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला तेव्हा आमच्या आमटीवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. आमसुले उन्हाळ्याच्या शेवटी, नवी आली की घ्यावीत. ती वर्षभर टिकतात.

भाजीचे म्हणाल तर ऋतूला धरून चालावे. मार्च-एप्रिलमध्ये फणसाची कुयरी (कोवळा फणस), मे महिन्यात फणसाच्या आठळ्या, पाऊस सुरू झाला की टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी, श्रावणात अळू आणि शेवग्याचा पाला. मग पडवळ, दोडका, तवसे (मोठी काकडी). हिवाळ्यात लाल माठ, चवळी, वाल. आठवडा बाजारात खेड्यातल्या बायका टोपलीतून जे घेऊन बसतात तेच घ्यावे. रानभाज्या तुमच्यासाठी नव्या असतील तर स्वतः खुडायला जाऊ नका; विकणारीला ओळख आणि कृती दोन्ही विचारा, ती आनंदाने सांगते. भारंगीचा पाला उकडून पाणी टाकून द्यावे लागते, नाहीतर भाजी कडू होते. अळवात आमसूल किंवा चिंच घातली नाही तर घसा खाजतो. आठळ्या फुकट मिळतात असे म्हटले तरी चालेल. त्या उकडून, सोलून कोणत्याही पालेभाजीत किंवा उसळीत घातल्या की भाजी भरीव होते आणि बटाटा वाचतो.

तांदूळ महिन्याला पाच-पाच किलोच्या पिशव्यांत घेऊ नका. दिवाळीनंतर, भात झोडून झाले की, एखाद्या शेतकऱ्याकडून किंवा गावातल्या भातगिरणीवरून चार महिन्यांचा एकदम घ्या. त्यात थोडा उकडा असू द्या. भात तुसासकट उकडताना तुसाखालच्या कोंड्यातली ब जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात, म्हणून उकड्या तांदळाची पेज पातळ दिसली तरी पॉलिश केलेल्या पांढऱ्या भातापेक्षा सकस असते. रात्री उशिरा घरी आलात तर पेज, भाजलेला सुका बोंबील आणि चटणी एवढे जेवण पुरेसे आहे.

मे महिन्यात इथे आगोटीची खरेदी होते, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. तुम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, म्हणून वर्षाचे सामान भरण्याचा मोह टाळावा. दमट हवेत कडधान्याला कीड आणि मसाल्याला बुरशी लागली तर वाचवलेले पैसे वाया जातात. सुके मासे, कुळीथ, आमसुले, मालवणी मसाला आणि कांदे एवढेच घ्यावे, कडक उन्हात वाळवावे आणि गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यांत भरावे. अलिबागच्या बाजूचा पांढरा कांदा माळा करून विकतात, तो टांगून ठेवला की टिकतो. गोड्या तेलाचा हिशेबही याच वेळी मांडावा : माणशी महिन्याला अर्धा लिटर ही मर्यादा आहारतज्ज्ञ सांगतात, म्हणजे चौघांना दोन लिटर. तुमच्या यादीवरून तुम्ही याच्या बरेच पुढे आहात.

दूध, अंडी आणि मुलांची फळे यांना कात्री लावू नका. कात्री लावायची ती बिस्किटे, खारी, ब्रेड, नूडल्स आणि सॉसच्या पाकिटांना. तुमच्या यादीत त्यांची बेरीज केली तर ती भाजीच्या खर्चाजवळ जाते.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. काटकसरीच्या स्वयंपाकात पैसे वाचतात ते कोणाच्या तरी श्रमांतून वाचतात, आणि आपल्या घरांत ते श्रम नेहमी एकाच बाईच्या वाट्याला येतात. दोघेही नोकरी करता, तर नारळ खवणे, मासे आणून साफ करणे, कडधान्य भिजत घालणे ही कामे दोघांत वाटून घ्या. रविवारी तासभर बसून कांदा-खोबऱ्याचे वाटण भाजून, वाटून लहान डब्यांत फ्रीजरमध्ये ठेवले की आठवडाभराचा संध्याकाळचा भार हलका होतो. तसे होणार नसेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, असे माझे मत आहे.

राहिला मुलांचा डबा आणि न्याहारी. पाकिटांऐवजी घावने करा. रात्री भिजवलेले तांदूळ सकाळी बारीक वाटून, मीठ आणि भरपूर पाणी घालून ताकासारखे पातळ करावे, बिडाचा तवा चांगला तापवून, तेलाचा बोळा फिरवून वरून वाटीने ओतावे आणि झाकण ठेवावे. जाळी पडली की घावन सुटते. आंबवण्याची वाट पाहावी लागत नाही. या पिठात चौथा हिस्सा नाचणीचे पीठ मिसळता येते. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात ते नावापुरतेच असते. पहिल्या आठवड्यात चमचाभरच नाचणी घाला, कारण रंग एकदम काळपट झाला की मुले डबा तसाच परत आणतात. सवय झाली की प्रमाण वाढवा. सोबत चोथ्याची चटणी द्या, किंवा शनिवारी गूळ घातलेला नारळाचा रस.