बर्लिनच्या ‘रॉस’ छापाची पोस्टकार्डे

प्रश्न : आमच्या संग्रहातील चित्रपट कलावंतांच्या काही जुन्या पोस्टकार्डांवर ‘रॉस’ हे नाव व एक क्रमांक आहे. ही प्रकाशनसंस्था कोणती?

उत्तर : ही बर्लिनमधील ‘रॉस फेरलाग’ ही संस्था होय. हाइनरिख रॉस यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने १९२० आणि १९३० च्या दशकांत जर्मन कलावंतांबरोबरच ग्रेटा गार्बोसारख्या हॉलिवूडच्या तारकांचीही असंख्य पोस्टकार्डे काढली. चित्राच्या कडेला बारीक अक्षरांत कलावंताचे नाव, कार्डाचा क्रमांक आणि पुष्कळदा छायाचित्रकाराचे किंवा चित्रसंस्थेचे नाव असते. क्रमांक साधारणपणे चढत गेल्यामुळे त्यावरून कार्डाच्या काळाचा अंदाज बांधता येतो. म्हणून कडा कापून कार्डे अल्बममध्ये बसवू नयेत, ही कळकळीची विनंती.

या इतिहासाचा उत्तरार्ध मात्र वेदनादायक आहे. रॉस ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांनी उभारलेली संस्था त्यांच्या हातून गेली आणि त्यांना देश सोडून अमेरिकेत जावे लागले, तरी कार्डांवर त्यांचेच नाव पुढेही काही वर्षे छापले जात राहिले. १९४१ मध्ये ते काढून ‘फिल्म-फोटो-फेरलाग’ असे नवे नाव देण्यात आले. आपल्या संग्रहात या नव्या नावाची कार्डे असल्यास ती युद्धकाळातील समजावीत.