ट्यूलिप संपले, इकिनेशिया यायचाय: मधल्या आठवड्यांत बागेत काय फुलवायचं?

यावेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा आलीय, वसंतात बाग भरभरून फुलते आणि उन्हाळा लागता लागता एकदम गप्प होते. बहुतेक पत्रं कडक हिवाळा असलेल्या भागांतली आहेत म्हणून उत्तरंही मुख्यतः तिथलीच. महिने लिहिलेत ते उत्तर गोलार्धाचे आहेत, दक्षिणेकडच्या वाचकांनी सहा महिने पुढे मोजायचे, म्हणजे त्यांचा हा रिकामा काळ नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरमध्ये येतो.

प्रश्न: ताई, एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत आमच्या बागेत डॅफोडिल आणि ट्यूलिप इतके छान असतात की येणारे जाणारे थांबून बघतात. मग सगळं बंद. इकिनेशिया, रुडबेकिया, फ्लॉक्स हे सगळे जुलैत सुरू होणार. मधे पाच-सहा आठवडे बेडमध्ये कंदांची पिवळी पडलेली पानं आणि नुसते हिरवे ठोंब. दरवर्षी सीझनल रोपं आणून खड्डे भरायचा कंटाळा आलाय, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील असं काहीतरी सांगा. जागा साधारण 4 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ऊन दिवसभर.

उत्तर: आधी हे का होतं ते सांगते, कारण ते कळलं की निवड सोपी होते. ट्यूलिप-डॅफोडिलचं फूल मागच्या वर्षीच कंदात तयार झालेलं असतं, ऊब मिळाली की नुसतं वर यायचं, म्हणून ते लवकर फुलतात आणि लवकर आटपतात. इकिनेशिया-रुडबेकिया मुळात उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळरानांची झाडं, त्यांना आधी कमरेइतकं वाढायचं असतं, मग कळ्या. म्हणजे एक पार्टी घरी गेली आणि दुसरी अजून निघायचीय. यात तुमच्या माळीकामाचा काही दोष नाही. युरोपातल्या मधमाश्या पाळणाऱ्यांनाही हा काळ चांगला माहीत आहे, फळझाडांचा बहर ओसरलेला आणि उन्हाळी फुलं अजून उमललेली नाहीत, त्यामुळे भरलेल्या पोळ्याला नेमका जूनमध्ये मध कमी पडतो. तेव्हा ही जागा भरणं फक्त शोभेसाठी नाही.

आता निवड. नर्सरीत गेलं की सगळ्यांचा हात मोठ्या फुलाकडे जातो, पिओनी, ओरिएंटल पॉपी, दाढीवाला आयरिस. सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण पिओनीचं एक झाड आठ-दहा दिवस फुलतं आणि त्यात एक जोराचा पाऊस झाला की मान टाकतं. तुम्हाला पाच-सहा आठवडे भरायचेत. म्हणून माझं स्पष्ट मत असं की फुलाचा आकार बघू नका, बहर किती आठवडे टिकतो ते बघा. आधी टिकाऊ झाडांनी बेड भरून घ्या आणि मग उरलेल्या जागेत एखादी पिओनी हौस म्हणून लावा.

टिकाऊ झाडं ओळखायची एक खूण सांगते, जी टॅगवर क्वचितच लिहिलेली असते. झाड फुलतं ते बी धरण्यासाठी, बी धरली की त्याचं काम झालं, बहर थांबतो. काही संकरित जाती वांझ असतात, त्यांना बी धरताच येत नाही आणि त्यामुळे त्या फुलतच राहतात. हार्डी, म्हणजे कडाक्याची थंडी सोसणाऱ्या, जिरेनियमची 'रोझॅन' ही जात अशीच आहे. 1989 च्या सुमारास इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या एका बागेत आपोआप झालेला हा संकर, आणि त्याचे आईबाप दोन्ही हिमालयाकडचे. जूनमध्ये निळीजांभळी, मधे पांढुरकी अशी फुलं सुरू होतात ती थेट पहिल्या कडक फ्रॉस्टपर्यंत, म्हणजे सगळं गोठवणाऱ्या थंडीपर्यंत. एकच लक्षात ठेवा, कुंडीत लावतो तो लाल जिरेनियम वेगळा, तो खरा पेलार्गोनियम, तो बाहेर गारठून मरतो. टॅगवर 'हार्डी' किंवा 'क्रेन्सबिल' असं लिहिलेलं बघून घ्या. 'रोझॅन' पसरते, एकेक झाड दोन अडीच फूट जागा घेतं, त्यामुळे दाटी करू नका, पण याच पसरण्यामुळे ट्यूलिपची पिवळी पानं आयती झाकली जातात.

दुसरं नेपेटा, म्हणजे कॅटमिंट, त्यातही 'वॉकर्स लो'. नावात लो असलं तरी बुटकं नाही बरं का, 60-75 सेंटीमीटर सहज होतं, नाव एका बागेवरून पडलंय. मेच्या शेवटी राखाडी हिरव्या पानांवर फिक्या जांभळ्या तुऱ्यांचा ढीग लागतो आणि सकाळी दहाच्या सुमाराला जवळ उभं राहिलं तर अख्खं झाड गुणगुणतंय असं वाटतं, इतक्या माश्या. हेही बी धरत नाही. पहिला बहर फिका पडला की कात्रीने सरळ अर्धं कापून टाका, अजिबात हात आखडू नका, दोन-तीन आठवड्यांत नवे फुटवे येऊन पुन्हा फुलतं.

तिसरं साल्व्हिया नेमोरोसा. 'मे नाइट' किंवा 'काराडोना' यातलं कुठलंही घ्या. 'मे नाइट' कार्ल फोर्स्टर या जर्मन माळ्याने 1956 मध्ये बाजारात आणलं आणि अजूनही तितकंच भरवशाचं आहे. 'काराडोना'चे दांडे जवळून बघण्यासारखे असतात, फुलं जांभळी आहेतच पण दांडाच मुळी काळपट जांभळा असतो, त्यामुळे फुलं गळून गेल्यावरही तो बेडमध्ये उठून दिसतो. नेपेटा मऊ पसरतं आणि साल्व्हिया सरळ उभं राहतं, दोघं शेजारी लावले की एकमेकांना छान शोभतात. याचेही तुरे तपकिरी व्हायला लागले की खालच्या नव्या पानांपर्यंत कापा.

हे तिन्ही निळेजांभळे झाले, आणि नुसता जांभळा बेड लांबून विझल्यासारखा दिसतो, म्हणून एक गरम रंग पाहिजेच. जियम 'टोटली टँजरीन' घ्या, जर्दाळूच्या रंगाची छोटी फुलं बारीक उंच दांड्यांवर हलत असतात, मेपासून सुरू होतं आणि हेही वांझ असल्यामुळे लांब चालतं. याला फक्त फार कोरडी माती चालत नाही, उन्हाचा कडाका असेल तेव्हा पाणी द्या.

ट्यूलिप आणि या मंडळींच्या मधला सांधा जुळवायला अ‍ॅलियम. तो कंदच आहे पण उशिरा फुलणारा, 'पर्पल सेन्सेशन' मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. गोल जांभळे गोळे छान दिसतात पण फूल येता येताच त्याची पानं टोकाकडून करपत जातात आणि ते फार वाईट दिसतं, म्हणून तो नेहमी नेपेटा किंवा जिरेनियमच्या मागे किंवा मधेच लावायचा, पानं लपतात आणि वर फक्त गोळा तरंगतो. कंद ऑक्टोबरमध्ये, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल.

तुमच्या 4 मीटरमध्ये मी असं करेन: पुढच्या कडेला नेपेटाची पाच झाडं अर्ध्या अर्ध्या मीटरवर पण सलग रांगेत नाही, तीन एकीकडे आणि दोन दुसऱ्या टोकाला. मधल्या पट्ट्यात तीन 'रोझॅन', त्यांच्यामधे साल्व्हियाचे दोन गट, जियमची तीन झाडं जिथे बसतील तिथे, आणि वीसेक अ‍ॅलियम सगळीकडे विखरून. मागे तुमचे इकिनेशिया-फ्लॉक्स आहेत तसेच राहू देत. एकाच जातीची तीन किंवा पाच झाडं एकत्र लावली की लांबून रंग दिसतो, एकेकटं दहा जातींचं प्रदर्शन लावलं तर काहीच नजरेत भरत नाही.

आणि हे सगळं विकत घेण्याआधी एक काम करा, मेपासून जुलैपर्यंत दर रविवारी एकाच जागेवर उभं राहून बेडचा फोटो काढा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा रिकामा काळ बऱ्याचदा वेगळ्याच आठवड्यात असतो. कुणाचा मेच्या शेवटी, कुणाचा जूनच्या शेवटी, आणि त्यावरून निवड बदलते. जूनच्या शेवटीच खड्डा पडत असेल तर अ‍ॅलियम-जियमपेक्षा अकिलिया आणि नॉटिया जास्त कामाला येतील.

प्रश्न: पिओनी लावून तीन वर्षं झाली, पानं जोरात, फूल एकही नाही. कळ्यांवर मुंग्या येतात म्हणून फुलत नाही असं एकांनी सांगितलं. उपटून टाकू का?

उत्तर: उपटू नका हो! मुंग्या कळीवरचा गोड रस खायला येतात, त्यांचा फूल येण्या-न येण्याशी काही संबंध नाही. जवळजवळ नेहमीच कारण असतं खोली. मुळाच्या गड्ड्यावर लाल-गुलाबी डोळे असतात, ते मातीखाली फार तर 3 ते 5 सेंटीमीटर पाहिजेत. त्यापेक्षा खोल गेले की नुसती पानं. शरद ऋतूत पानं वाळायला लागली की हळूच माती बाजूला करून बघा, खोल असेल तर गड्डा काढून वर घ्या. खोली बरोबर असेल तर ऊन बघा, दिवसाला सहा तास तरी पाहिजे, आणि लॉनला घालता ते नायट्रोजनवालं खत तिच्या मुळापर्यंत जातंय का तेही बघा. हलवल्यावर पुन्हा एक-दोन वर्षं वाट बघावी लागेल. पण एकदा जम बसला की पिओनी पन्नास वर्षंही त्याच जागी फुलते, त्यामुळे थांबणं वाया जात नाही.

प्रश्न: तुम्ही नेहमी उन्हातलीच झाडं सांगता. आमची भिंतीकडची बाजू अर्धी सावलीची, थोडी ओलसर. तिथे जूनमध्ये नुसतं हिरवं.

उत्तर: तक्रार रास्त आहे. आणि खरं सांगू, जूनमधली अर्धी सावली ही बागेतली सगळ्यात सुंदर जागा होऊ शकते. तिथे अ‍ॅस्ट्रान्शिया लावा. लांबून साधं दिसतं, पण हातात घेऊन बघा, मधे टाचण्यांची गादी असावी तशी बारीक फुलं आणि भोवती कागदासारख्या कडक पाकळ्यांची झालर, जूनपासून महिना-दीड महिना आरामात. ओल असली की खूष. त्याच्या पुढे अल्केमिला, पिवळट हिरवी फेसासारखी फुलं, पानांवर बारीक लव असते त्यामुळे पावसाचे थेंब पसरत नाहीत, गोल मणी होऊन बसतात. याचं बी मात्र भरमसाट पडतं, फुलं तपकिरी व्हायच्या आत कापलीत तर ठीक नाहीतर फरशीच्या फटींतून उपटत बसाल. मागे उंचीसाठी सायबेरियन आयरिस, पण त्याला निम्म्याहून जास्त वेळ ऊन मिळेल अशी बाजू द्या. झाडाखाली कोरडी सावली असेल तर वरचं काहीच नको, तिथे जिरेनियम मॅक्रोऱ्हायझम, ते अशा जागीही तग धरतं आणि तण उगवू देत नाही.

अ‍ॅक्विलेजियाही या सावलीत मेच्या शेवटी छान येतो, झाड तीन-चार वर्षांत संपतं पण बी पडून पुढची पिढी तयार असते. फॉक्सग्लव्ह बरेच जण सुचवतात, पण नेहमीचं जांभळं फॉक्सग्लव्ह दोन वर्षांचंच असतं आणि ते झाड पूर्णच विषारी, लहान मुलं किंवा जनावरं असतील तर माझ्याकडून नाहीच.

प्रश्न: मेच्या शेवटी बारमाही झाडं अर्धी कापायची, म्हणजे ती दाट होतात असं वाचलं. कापू का?

उत्तर: याला चेल्सी चॉप म्हणतात, लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोच्या सुमाराला करतात म्हणून. फ्लॉक्स, हेलेनियम, सेडम यांना चालतं. पण लक्षात घ्या, कापलं की बहर काही आठवडे पुढे जातो, म्हणजे सगळंच कापलंत तर तुमचा रिकामा काळ आणखी लांबेल. एकाच ठोंबातले पुढचे दांडे कापा, मागचे ठेवा. पिओनी, आयरिस, अ‍ॅक्विलेजिया यांना हात लावू नका, त्यांची कळीच जाईल.

प्रश्न: आमच्याकडे बर्फ, फ्रॉस्ट काहीच नाही. ही झाडं चालतील का?

उत्तर: बहुतेक नाही. यातल्या कित्येकांना थंड हिवाळ्यातली विश्रांती गरजेची असते आणि दमट उकाड्यात नेपेटा मुळाशी कुजतं. तुमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर गेलार्डिया, पेंटास आणि निळा साल्व्हिया फॅरिनेशिया हे काम करतात. कंदांमध्ये फुटबॉल लिली जरूर लावा, हिवाळाभर जमिनीत झोपलेली असते आणि पावसाच्या आधीच्या सरींना लाल गोळा घेऊन वर येते. गोळा काही दिवसांचाच, म्हणून कंद बरेच आणि पसरून लावा.

प्रश्न: जूनमध्येच नर्सरीत जाऊन फुललेली झाडं आणली तर चालतं की शरदाची वाट बघायची?

उत्तर: जूनमध्ये जा जरूर, कारण तुमच्या हवेत त्या आठवड्यात खरोखर काय फुलतंय ते तिथेच दिसतं, टॅगवरचे महिने दुसऱ्याच कुठल्यातरी हवेचे असू शकतात. रंग समोरासमोर ठेवून बघता येतो. पण जास्त झाडं लावायची असतील तर फोटो काढून, नावं लिहून घ्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावा, माती उबदार असते, पाऊस असतो, मुळं हिवाळ्याआधी धरतात. जूनमध्येच लावलंत तर फुलं असली तरी दांडे थोडे कापून टाका, कुंडीत गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, आणि पहिला उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा मुरेल असं पाणी द्या, रोज वरवर शिंपडलेलं नको, त्याने मुळं खाली जातच नाहीत. बुंध्याला न चिकटवता 5 सेंटीमीटर कंपोस्टचा थर द्या. पहिल्या वर्षी झाड लहान दिसेल म्हणून मधल्या जागेत आणखी रोपं कोंबू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्या जागा भरतात.