तोरणाआधी लोकर

अगं, क्रोशाचं विणकाम शिकताना पहिल्याच दिवशी बारीक सुती दोरा आणि 1.25 मिमीची सुई घेऊन बसू नकोस, डोळे फुटतील. 4 मिमीची सुई आणि फिक्या रंगाची जाड लोकर घे. काळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत. ओळ उलटवताना 3 साखळ्या (एकात एक ओढलेले फासे) घालायच्या, तोच पहिला खांब, म्हणजे उभा उंच टाका. परतताना त्या साखळीच्या डोक्यावर खांब घालायला मी विसरायचे, आणि माझा चौकोनी रुमाल पार समोशासारखा निमुळता झाला. (आईने निमूटपणे त्यावर तांब्या ठेवला.) दर ओळीला खांब मोज, कंटाळा आला तरी. उरलेली लोकर बिस्किटांच्या डब्यात साठव. माझा तिसरा डबा भरत आलाय. माघात सुरुवात केलीस तर पळस फुलेपर्यंत हात बसेल. मग पाडव्याच्या तोरणासाठी दोरा आण.