१६२ सामने आणि धावा फक्त १४९?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा, मग २०२३ मध्ये सर्वाधिक धावा करणारा जेमतेम १४९ वर कसा? न्यू जर्सीत आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मलाही असंच हसू आलं होतं. एवढ्या धावा आपल्याकडे एखादा सलामीवीर एका दुपारी काढून जातो!

सगळा घोळ ‘धाव’ या शब्दाचा आहे. क्रिकेटमध्ये पळतात दोघं, पण धाव जमा होते मारणाऱ्याच्या खात्यात. बेसबॉलमध्ये उलटा हिशेब. नव्वद-नव्वद फुटांचे चार टप्पे पार करून (मधले तीन थांबे म्हणजे बेस), तिघं बाद व्हायच्या आत जो पुन्हा होम प्लेटला, म्हणजे फलंदाजाच्या जागी ‘घरी’ पोचतो, धाव त्याची. ज्याच्या फटक्यावर तो आला, त्याच्या नावावर वेगळा आकडा लागतो, आरबीआय (रन्स बॅटेड इन).

त्यामुळे या यादीत वर यायला नुसतं स्वतः चांगलं खेळून भागत नाही, मागून फलंदाजीला येणारेही तगडे लागतात. २०२३ मध्ये १४९ धावा केल्या त्या अटलांटा ब्रेव्ह्जच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनिअरने. त्याचे होम रन (आपल्या षटकारासारखे मैदानापार फटके) ४१, म्हणजे तेवढ्या वेळा तो स्वतःच्याच फटक्यावर घरी आला. उरल्या १०८. त्या वेळी तो कुठल्यातरी बेसवर होता आणि त्याला घरी आणायचं काम बहुतेकदा मागच्यांनी केलं. त्या मागच्यांत ५४ होम रन ठोकणारा मॅट ओल्सन होता! अर्थात अकुन्याही नुसता ताटकळत उभा नव्हता, ७३ बेस चोरले पठ्ठ्याने, म्हणजे कोणाच्या फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळाला. दुसऱ्या बेसवर पोचलेला माणूस साध्या सिंगलवरही (एका बेसच्या फटक्यावरही) घर गाठतो. (त्याच वर्षी बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच झाला, चोरांची चंगळच.)

विक्रम म्हणाल तर १९०० नंतरचा सर्वोच्च आकडा बेब रूथचा, १९२१ मध्ये १७७. तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा होता. १९३६ मध्ये लू गेरिगने १६७ केल्या, त्यानंतर सगळ्यात जास्त २००० मध्ये जेफ बॅगवेलच्या १५२. २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा शोहेई ओहतानी १४६ वर थांबला. १८९४ मध्ये बिली हॅमिल्टनने १९० च्या वर मजल मारली होती, पण पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) नुकतंच मागे सरकवून साठ फूट सहा इंचांवर नेलं होतं, त्यामुळे फलंदाजांची दिवाळी चालू होती. तो आकडा मी जरा बाजूलाच ठेवतो.

माझा लाडका मात्र रिकी हेंडरसन. १९८५, न्यूयॉर्क यांकीज, १४३ सामन्यांत १४६ धावा. सामन्याला एकाहून जास्त! वर ८० चोरलेले बेस. आणि अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, कोण ठरला? त्याच संघात त्याच्या मागून फलंदाजीला येणारा डॉन मॅटिंग्ली, १४५ आरबीआयवाला. आता बेसवर कोणी उभाच नसता, तर मॅटिंग्लीने घरी आणलं असतं कोणाला?