पाणी तापवायचा रॉड २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेतो. त्याचा रोध आणि वॅट कसे काढायचे?

रोधासाठी भागाकार, वॅटसाठी गुणाकार.

२३० ÷ ६.५ = ३५.४ ओहम (साधारण)
२३० × ६.५ = १४९५ वॅट

म्हणजे तुमचा रॉड दीड हजार वॅटचा. तासभर लावून ठेवलात तर मीटरवर जवळपास दीड युनिट चढणार.

आता गंमत बघा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडून १८० झालं, तर रॉडचा रोध जवळपास तोच राहतो, पण करंट उतरून ५.१ अँपिअरच्या आसपास येतो. १८० × ५.१ म्हणजे ९१५-९२० वॅट. व्होल्टेज पावपटीहूनही कमीच घटलं, पण ताकद चाळीस टक्क्यांनी गेली! बादली तापता तापत नाही ती यामुळेच. कारण वॅट हे व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात.

हे गणित जुन्या पिवळ्या बल्बला मात्र मल्टिमीटर लावून करू नका. ६० वॅटचा बल्ब थंड असताना साठ-सत्तर ओहम दाखवतो, पेटल्यावर तार तापून तोच ८८० च्या घरात जातो. मीही एकदा थंड बल्ब मोजून ८०० वॅट काढले होते. पंखा, मिक्सर यांनाही नुसता भागाकार चालत नाही. तिथे पॉवर फॅक्टर (व्होल्ट × अँपिअर यातले खरे वॅट किती, ते प्रमाण) मध्ये येतो.